तिसऱ्या हिस्सेदाराची पसंती

फेटा सैल होऊन कानावर आला होता, पण तो काढू कोण देणार? उंब्रजला शाळेच्या पटांगणावरचा सत्कार आटोपून तास झाला, गाडी वाडीत येऊन दारात लागली, तरी चुलत्यांचा, म्हणजे आकारामअप्पांचा, हुकूम होता की ओवाळून झाल्याशिवाय फेट्याला हात लावायचा नाही. अप्पा सुभेदार म्हणून निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, पण त्यांचे हुकूम अजून नोकरीत होते. त्यामुळे बेंगळुरूच्या एका नामांकित संस्थेतला प्राध्यापक, वय वर्षं चव्वेचाळीस, स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर नवरदेवासारखा ताटकळत उभा होता आणि भर माघात त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

बनुकाकी ताट घेऊन आली. ओवाळील तर काकीच, हा हट्ट जयराजचा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढं त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत धाडलं, तापात उशाशी बसून जपलं ते या धाकट्या चुलतीनं. काका वारल्यावर तिनं ओवाळायचं नाही असं ठरायला लागलं, तेव्हा त्यानं अप्पांशी भांडून ती रीत मोडली होती. हे तो मित्रांना सांगायचाही, जरा जास्तच वेळा.

काकीनं ताट उजव्या हातावर पेललं आणि कुंकू लावलं ते डाव्या हातानं.

"बनुबाई, उजव्या हातानं लावा की," अप्पा खेकसले. "पोरगं जगभर नाव काढतंय, आनि तुमी डावा हात लावताय?"

"अवघडलाय जरा," काकी म्हणाली आणि हसली. "जया, वाकून उभा ऱ्हा बाबा. लय उंच झालायस."

जयराज वाकला तेव्हा ताटाखालचं तिचं मनगट त्याला दिसलं. ते वाकडं होतं. हाड एका बाजूला फुगून आलेलं आणि हाताचा पंजा किंचित बाहेर वळलेला. त्यानं विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "न्हाणीत घसरले. चल, आत चल, पुरणाच्या पोळ्या निवत्यात."

तो आत गेला आणि चार पोळ्या खाल्ल्या. हेही सांगायला हवं, कारण पुढं दिवसभर त्याला त्याच चार पोळ्यांची लाज वाटत राहिली.

सत्कार हे आजचं निम्मं काम होतं. खरं काम जेवणानंतर होतं आणि त्यासाठी लालासाहेब उंब्रजहून गाडीतच बरोबर आले होते. लालासाहेब म्हणजे कचेरीबाहेर बसून चाळीस वर्षं दस्त लिहिणारा माणूस. शब्द मोजून बोलणारा, आणि लिहिताना तर त्याहून मोजून. त्यांच्या पिशवीत स्टॅम्प होता. त्यावर विहिरीच्या पाळ्या कायमच्या लिहून तिघा हिस्सेदारांच्या सह्या व्हायच्या होत्या. अप्पांची इच्छा होती की सही शास्त्रज्ञ पोराच्या डोळ्यांदेखत व्हावी, कारण पाळ्या त्यानंच लावून दिलेल्या.

विहीर एक, हिस्सेदार तीन. एक अप्पा, एक जयराज आणि त्याचा थोरला भाऊ उदयसिंह मिळून, आणि तिसरी बनुकाकी. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आठ तास असायची आणि एक आठवडा रात्री दहा तास. आजोबांनी साधा फेर लावला होता. प्रत्येकाला आठवड्यातले दोन दिवस, रविवारी विहीर मोकळी. म्हणजे एका आठवड्यात दिवसा पाणी पाजायचं, पुढच्यात रात्री. दिवसाचं सुख तिघांना सारखं आणि रात्रीची थंडीही तिघांना सारखी.

मग अप्पांच्या छातीचं ऑपरेशन झालं. त्यांनी रात्रीची पाळी करणार नाही म्हणून सांगितलं आणि उदयसिंहानं आपला दिवस द्यायला साफ नकार दिला. शब्दाला शब्द लागला, दोघं बोलेनासे झाले, एका घरातलं लग्न दुसऱ्या घरानं टाळलं. अशा वेळी, चार वर्षांपूर्वी, जयराज सुट्टीला आला. माणसांमध्ये एखादी वस्तू अशी वाटायची की कुणालाही दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा वाटू नये, हाच त्याच्या आयुष्याचा अभ्यास. त्यानं लॅपटॉप उघडला, प्रत्येकाला काय हवं ते विचारलं, आणि दोन दिवसांत तंटा मिटवला. अप्पांना चार दिवस, सगळे दिवसाचे. उदयसिंहाला दोन दिवस आणि दोन रात्री, त्याचा गडी रात्रीला जायचा. काकीला सलग चार रात्री. पण रात्रीचे तास जास्त, म्हणून काकीच्या वाट्याला पंधरवड्यात चाळीस तास पाणी, अप्पांना फक्त बत्तीस. "बघ काकी, सगळ्यात जास्त पाणी तुला," असं त्यानंच तिला सांगितलं होतं.

त्यावर त्याचा शोधनिबंध झाला. निबंध गाजला. आता पुढच्या महिन्यात सिंगापूरला त्याच निबंधासाठी पुरस्कार होता आणि तिथल्या व्याख्यानाची सुरुवात वाडीच्या विहिरीच्या फोटोनं होणार होती. आज सत्कारातले पाहुणेही तेच बोलले होते, भाऊबंदकीचा तंटा संगणकानं मिटवणारा सुपुत्र, वगैरे वगैरे. जयराजनं मान खाली घालून ते गोड मानून घेतलं होतं.

जेवणं झाली. लालासाहेब पडवीत चटईवर बसून स्टॅम्पचा कागद सरळ करत होते. तेवढ्यात काकीची मुलगी रेश्मा स्वैपाकघराच्या दारातून म्हणाली, "जयादादा, जरा मागं ये." ती शिराळ्याला दिलेली. सत्कारासाठी म्हणून आलेली, पण सकाळपासून तिनं त्याच्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

गोठ्याशी गेल्यावर तिनं एकदम विचारलं, "आईच्या हाताचं काय इचारलंस का?"

"न्हाणीत घसरली म्हणाली."

"न्हाणीत!" रेश्मा हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "पुसाच्या म्हैन्यातली गोष्ट हाय. रातीच्या अडीचला सरीत पडली. पाण्याची दारं धरायला एकटी, बॅटरी एका हातात, खोरं एका हातात. गार पाण्यात पाय बधिर झालेले. मनगट मोडलं. तशीच उठून डाव्या हातानं माती वढत बसली, लाईट जाईस्तोवर. सकाळी हळद लावली. डागदराकडं कवा गेली, सांगू? चौथी रात सरल्यावर. तवर हाड बसलं हुतं वाकडं."

"चौथी रात? अगं, मोडल्या हातानं चार रात्री..."

"पडली पहिल्या राती. म्हंजे तीन म्हन. सोडती कशी? ती पाळी गेली की पंधरा दिवस पाणी न्हाई. आनि सांगायची कुणाला? तुज्या कागदावर रातीची मालकीण तीच."

"मला फोन का नाही केलास?"

"शपथ घातली मला. जयाला बक्षीस मिळनार हाय, त्येच्या जिवाला घोर नको, म्हनाली."

जयराज गव्हाणीच्या कडेला टेकला. म्हैस त्याच्या फेट्याचा शेमला चावायला बघत होती, ते त्याच्या लक्षात आलं नाही. रेश्मानंच फेटा ओढून काढला आणि बाजूला ठेवला.

"एक खरं सांग," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "तिला रात चालंल असं खरंच वाटलं तुला?"

"ती म्हणाली होती, चालेल."

"आई पाव्हण्यांच्यात गेली की च्या नको म्हनती. ताट वाढलं की भूक न्हाई म्हनती. माझ्या लग्नात सगळ्यांनी लुगडी घेतली, तिला इचारलं तर हाय की जुनं, म्हनाली. तिचं चालंल म्हंजे काय, तुला ठावं न्हाई? तिच्या हातचं खाऊन वाढलास तू, दादा. परका मास्तर असता तर मी समजून घेतलं असतं."

ती आत गेली. जयराज तिथंच राहिला, कारण रेश्माला जे माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं.

काकी नुसतं 'चालंल' म्हणालीच नव्हती. चार वर्षांपूर्वी ती भाकरी थापत होती आणि तो चुलीपाशी पाटावर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, काकी, तुला कुठली पाळी हवी? तिनं आधी विचारलं, बाकीच्यांनी काय मागितली? मग भाकरी उलटली, आणि म्हणाली, "दिवसाची असली तर बरं व्हईल रं. रातीचं आता झेपत न्हाई मला, भ्याव बी वाटतंय. पर माझं काय, कुठलीबी चालंल." त्यानं सगळं ऐकलं. आधी सगळं लिहिलंही. उत्तर काढलं तर काय निघावं? आजोबांचाच फेर. प्रत्येकाला दोन दिवस, दोन रात्री. ज्या फेरावरून भांडण झालं तोच फेर, तसाच्या तसा. त्यावर तंटा मिटत नव्हता आणि, खोटं कशाला बोला, त्यावर शोधनिबंधही होत नव्हता. मग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं काकीच्या बोलण्याचा पहिला भाग काढून टाकला आणि शेवटचा ठेवला. दुसऱ्या दिवशी उत्तर झकास निघालं. निबंधात त्यानं लिहिलं, 'तिसऱ्या हिस्सेदाराला वेळेबाबत कोणतीही पसंती नाही.' परीक्षकांनी त्या ओळीवर एक शंका काढली नाही. त्यांनी कुठं काकीच्या हातची भाकरी खाल्ली होती?

गेल्या चार वर्षांत ही गोष्ट त्याला आठवली नाही असं नाही. आठवली की तो स्वतःला म्हणायचा, शेवटी तीच म्हणाली ना, चालेल. आज मात्र त्याला स्वतःची किळस आली. शिकलेल्या माणसाची लबाडी कशी, ती कागदावर शोभून दिसते.

"इथं काय करतोयस? अप्पा हाका मारत्यात." उदयसिंह गोठ्यात आला. भावापेक्षा सहा वर्षांनी मोठा, दूध संघाचा संचालक, शर्टाच्या खिशात दोन पेनं. जयराजनं त्याला सगळं सांगून टाकलं, भाकरीपासून मनगटापर्यंत. उदयसिंहानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग इकडंतिकडं बघून घेतलं.

"आनखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नको. जया, माझं ऐक. अप्पा आनि मी दोन वर्सं तोंड बघत नव्हतो एकमेकांचं. आता माझ्या पोरीच्या सुपारीला अप्पा पुढं बसनार हायेत. हे घर जोडलं ते तुज्या कागदानं. तो खोटा हुता म्हनालास की सगळं पयल्यावर."

"काकीचा हात मोडलाय, दादा."

"मला वाईट वाटत न्हाई व्हय? रातीला माझा गडी धाडतो की तिच्याकडं. गुपचूप. स्टॅम्पवर कशाला आनायचं?"

"चार वर्षांत का नाही धाडलास?"

उदयसिंह खाली बघत म्हणाला, "तिनं कवा मागितला न्हाई." बोलल्यावर ते त्याच्याही कानाला बरं लागलं नसावं. तो घाईनं पुढं म्हणाला, "आनि तुजं सिंगापूर? तिथं काय सांगशील? आज गावानं फेटा बांधला, उद्या हेच लोक काय म्हनतील? सही झाली की संपलं. चल."

खरं तर जयराजला तेच हवं होतं, कुणीतरी दटावून गप्प बसवावं. पडवीकडं जाताना त्याच्या मनात पळवाट तयारही झाली होती. सही होऊन जाऊ दे, गडी लावू, सौर दिवे लावू, काकीला चांगल्या डॉक्टरला दाखवू. सिंगापूरहून आल्यावर निवांत बघू. पळवाट छान होती. फक्त स्टॅम्पवर एकदा सही झाली की त्या रात्री काकीच्या आयुष्यभराच्या होणार होत्या, आणि हे त्याला नीट कळत होतं.

पडवीत अप्पा खुर्चीत, लालासाहेब चटईवर, काकी दाराच्या चौकटीशी, पदराखाली हात घेऊन. रेश्मा तिच्या मागं उभी. लालासाहेबांनी मजकूर वाचून दाखवला. अमुक गट नंबर, अमुक विहीर, दिवसाच्या पाळ्या अमुक, रात्रीच्या पाळ्या "श्रीमती बनुबाई यांनी स्वखुशीने व कायमच्या पत्करल्या असून..."

"स्वखुशीनं," रेश्मा मागून म्हणाली.

"तू मधी बोलू नको," अप्पा म्हणाले. "तुजी आई हाय ना बसलेली? तिला इचारूनच केलंय सगळं. शास्त्रानं केलंय. जास्त पाणी तिलाच हाय. व्हय का न्हाई, बनुबाई?"

"व्हय," काकी म्हणाली.

"मग करा सही. आनि जया, तूबी कर. सातबाऱ्यावर तुजं नाव हाय."

लालासाहेबांनी पेन काकीच्या पुढं धरलं. तिनं सवयीनं उजवा हात बाहेर काढला, मग तो परत पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं पेन धरलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. सही करायची तर पहिलं अक्षर गिरवायलाही तिला वेळ लागणार होता. जयराज त्या पेनाकडं बघत होता. त्याला वाटलं, आपण बोललो नाही तर हे पेन असंच कागदाला टेकेल आणि आपण बघत राहू.

"थांबा," तो म्हणाला. "ते स्वखुशीनं नाही."

कुणालाच पटकन कळलं नाही. अप्पा म्हणाले, "काय म्हनालास?"

"काकी चालेल म्हणाली नव्हती. म्हणजे म्हणाली होती, पण त्याच्या आधी दिवसाची बरी म्हणाली होती. रातीचं झेपत नाही, भ्याव वाटतंय, असं म्हणाली होती. मी ते काढून टाकलं."

"काढून टाकलं म्हंजे?"

"लिहिलंच नाही. ते धरलं असतं तर आजोबांचाच फेर निघत होता. तुमचं भांडण मिटलं नसतं. आणि माझा निबंध झाला नसता." "मी तिचे दिवस तुम्हाला दिले, अप्पा, आणि तुमच्या रात्री तिला. आणि त्यावर बक्षीस घेतोय. मला लाज वाटती."

लालासाहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

मग अप्पा बोलले, आणि बोलले ते उदयसिंहाकडं बघून. "बघ. शिकलेली मानसं अशी. मेडल घेतलं ह्यानं, आनि मरायचं आमी. डागदरनं मला रातचं भाईर पडू नको सांगितलंय, व्हय का न्हाई? का माझे टाकेबी खोटं हायेत?"

"खोटं कोन म्हनतंय, अप्पा," उदयसिंह म्हणाला. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेली ही दोन माणसं आता एका बाजूला झाली होती. "जया, तू परवा गाडीत बसून जानार. हितं आमाला नांदायचंय. झालं ते झालं. काकीला आता इचार, तिची तक्रार हाय का?"

सगळे काकीकडं वळले. काकीनं आधी अप्पांकडं बघितलं, मग उदयसिंहाकडं, आणि मग बराच वेळ जयराजकडं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. घाबरलेला होता.

"जया, हे भाईर कळलं तर तुजं बक्षीस जाईल का रं?"

"जाईल कदाचित. जाऊ दे."

"जाऊ दे कसं? तुजा बा असता तर गावभर पेढे वाटलं असतं त्येनं." ती अप्पांकडं वळली. "माझी काय तक्रार न्हाई. हात काय, म्हातारपनी मोडायचाच. हाय तसंच ऱ्हाऊ द्या. मला चा..."

"आई!" रेश्मा ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "पुन्यांदा न्हाई. पुन्यांदा म्हनायचं न्हाई ते."

जयराज उठला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. चार वर्षांपूर्वी बसला होता तेव्हा मांडीवर लॅपटॉप होता. आता हातात काही नव्हतं आणि हातांचं काय करावं तेही त्याला समजेना.

"काकी, मी सही करणार नाही," तो म्हणाला. "माझं नाव आहे, मी सही केल्याशिवाय हा कागद होत नाही. सिंगापूरला पत्र लिहीन, निबंधात चूक आहे म्हणून कळवीन. तुझ्यासाठी नाही. मला झोप लागणार नाही म्हणून. तेव्हा माझ्या बक्षिसाचं तू सोड. तुला काय पाहिजे तेवढं सांग."

"तुजी शानपट्टी बास," अप्पा गरजले. "माझ्या रातीचं काय?"

मग उदयसिंह खिशातल्या पेनाशी चाळा करत, कुणाकडंही न बघता म्हणाला, "माझा गडी जातोय की रातीला. अप्पांचंबी दारं धरंल. दोन रातीचं काय एवढं."

"आता गडी देतोस?" अप्पा त्याच्याकडं वळले. "तवा मागितला तर काय म्हनाला हुतास मला? चार मानसांत?"

"तवा माझं डोस्कं फिरलं हुतं," उदयसिंह म्हणाला. "चुकलं माझं." पन्नास वर्षांच्या माणसाला एवढे दोन शब्द बोलायला कष्ट पडले, ते त्याच्या कानशिलावर दिसत होतं.

रेश्मा म्हणाली, "म्हंजे येक गडी. येवढंच हुतं. त्यापायी आई चार हिवाळं सरीत उभी." अप्पा खुर्चीत मागं टेकले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. सुभेदार अप्पांना असं बोडक्यानं, बिनहुकमाचं बसलेलं जयराजनं पहिल्यांदाच बघितलं. आपली लाज एकट्याची नाही हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"बनुबाई," अप्पा शेवटी म्हणाले, आवाज बसलेला, "बोला. काय पायजे तुमाला?"

काकीनं पदर सारखा केला. इतक्या माणसांनी, इतकं गप्प बसून, तिच्या तोंडाकडं कधी बघितलंच नव्हतं. ती भिंतीकडं बघत बोलली, हळू, पण प्रत्येक शब्द सुटा.

"मला मामंजींचा जुना फेर पायजे. सोमवार-मंगळवार. येक आठवडा दिसा, येक आठवडा रातचं. सगळ्यांचं असंल तेच माझं. माझ्या रातीला गडी मिळाला तर मला पायजे. न्हाई म्हननार न्हाई मी." ती थांबली. सगळ्यांना वाटलं संपलं. मग ती म्हणाली, "चालंल म्हनून सांगत न्हाई. पायजे म्हनून सांगते."

रेश्मा दाराला टेकून रडत होती. उदयसिंहानं नुसती मान हलवली. अप्पांनी लालासाहेबांकडं बोट केलं, "लिवा."

जुना कागद बाजूला गेला. लालासाहेबांनी पिशवीतून दुसरा स्टॅम्प काढला. चाळीस वर्षांचा अनुभव, जोड घेऊनच फिरायचे. लिहायला अर्धा तास लागला. तेवढ्यात चहा झाला, आणि काकीनं आज नको न म्हणता कप घेतला. जयराज तिच्यापासून हातभर अंतरावर बसून होता. त्याला वाटत होतं, ती आता काहीतरी बोलेल. असू दे रं, म्हणेल. लहानपणी कप फोडला, पाटी हरवली, वर्गातल्या पोराला दगड मारला, दर वेळी ती म्हणायचीच, असू दे रं. ती चहा पीत राहिली.

लालासाहेबांनी कागद पुढं सरकवला आणि पेन तिच्या डाव्या हाताशी ठेवलं. काकीनं पेन घेतलं नाही. ती अक्षरांकडं बघत होती. लालासाहेबांचं मोडीच्या वळणाचं अक्षर तिला लागत नव्हतं.

"मी बोलले तेवढं सगळं हाय का ह्यात?" तिनं विचारलं. "काय ऱ्हायलं न्हाई ना?"

जयराज पुढं झाला. "दे काकी, मी वाचून दाखवतो."

काकीनं कागदावर हात ठेवला. तिनं त्याच्याकडं बघितलं, तसंच मायेनं, जसं आयुष्यभर बघत आली होती, आणि म्हणाली, "तू नको, बाबा. लालासाहेब वाचतील."

जयराजनं हात मागं घेतला. लालासाहेबांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडं धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.